टंचाईच्या कपाटातल्या माई

वसुधा टिपणीसच्या सासूबाईंचे केस सव्वा वर्ष ओले होते. मुंबईपासून पुण्यापर्यंत ज्यांच्या घरी टीव्ही होता त्या सगळ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ज्यांच्या घरी नव्हता त्यांनी शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिलं होतं.

झालं होतं ते एवढंच. एका सकाळी माईंनी न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळला, आणि तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय. रॉकेल आल्याचं कळूनही केस वाळेपर्यंत थांबेल अशी बाई त्या दिवसांत अख्ख्या बोरिवलीत शोधून सापडली नसती. माई होत्या तशा, घरातल्या विटक्या पातळात, पंचासकट, पत्र्याचा डबा घेऊन वझिऱ्यातल्या त्या दुकानासमोर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नेमका त्याच सकाळी टीव्ही केंद्राचा कॅमेरामन हेन्री तिथे आला आणि रांगेचं चित्रण करून गेला. माईंना वाटलं, महापालिकेचा माणूस गटारासाठी रस्ता मोजतोय. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. महापालिकेच्या माणसाकडे त्या नेहमी बघत तसंच बघितलं.

हेन्रीला बोरिवलीला धाडण्याची सूचना वसुधेचीच. ती केंद्राच्या वृत्तविभागात कंत्राटावर होती. टेलिप्रिंटरवर आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या, आणि फिल्म जितके सेकंद चालेल तितक्याच सेकंदांत संपतील अशी वाक्यं लिहायची, हे तिचं काम. टंचाईच्या बातमीला दर वेळी दादर नाहीतर गिरगावच कसं दिसतं, उपनगरातली माणसं काय कच्चे तांदूळ खातात, असं ती सकाळच्या बैठकीत तावातावाने बोलली होती. संपादक मार्तंडराव म्हणाले होते, "बरं बाई, दाखवू तुमचं बोरिवली." त्या दिवशी घरी येताना तिने पेढे आणले होते. पुढे कुणी त्या पेढ्यांचा विषय काढला की ती उठून मोरीत भांडी घासायला जायची.

आता त्या वेळच्या टीव्हीचं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही. फिल्म परदेशातून यायची आणि ती प्रसादासारखी वाटली जायची. त्यामुळे एकदा चांगलं उतरलेलं चित्र टाकून देणं हे पाप समजलं जाई. ते गोल डबीत घालून ग्रंथालयातल्या कपाटात ठेवायचे आणि त्या विषयाची बातमी आली की पुन्हा लावायचे. पूर आला की तोच पूर. विमानातून मंत्री उतरले की तेच विमान, मंत्री वेगळे. माईंची रांग तर मार्तंडरावांना फारच आवडली. "उजेड बघा. रांग बघा. आणि मधली ती पंचावाली बाई बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "ही बाई टंचाई जगतेय. अख्खं अर्थशास्त्र आहे तिच्या चेहऱ्यावर."

त्या अर्थशास्त्राच्या हातचं वसुधा सकाळी जेवून आली होती. पण ती काही बोलली नाही. आपल्या घरचं माणूस टीव्हीवर आणण्यासाठीच बाईंनी बोरिवली सुचवली, असं कुणी म्हणू नये म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसलेलं माणूस मग गप्पच बसत जातं.

पहिल्यांदा रॉकेलच्या बातमीला माई दिसल्या तेव्हा आळीत कौतुक झालं. आळीत टीव्ही एकट्या मार्सेलिनाबाईंकडे. त्यांच्या भावाने, ज्युलियसने, तो कुवेतहून पाठवलेला. बातम्यांच्या वेळी त्यांच्या पुढच्या खोलीत सगळी आळी बसायची, आणि माई मार्सेलिनाबाईंच्या वयाच्या, मैत्रीण म्हणून पहिल्या ओळीत. त्या दिवशी माई लाजल्या. मग महिन्याभराने साखर महागली, आणि पुन्हा माई आल्या. साखरेच्या रांगेत या बाईच्या हातात रॉकेलचा डबा कशाला, असा प्रश्न केंद्रात कुणाला पडला नाही. मग वनस्पती तूप. मग रवा. मग पाव. पोटनिवडणूक झाली तेव्हा 'मतदारांचा उत्साह' म्हणून माई. लस टोचण्याची मोहीम निघाली तेव्हाही माई, आणि त्या वेळी त्यांची ती मान वळवून बघण्याची तऱ्हा सुईला फार शोभून दिसली.

"मालन, अजून नाय वाळले केस तुझे?" मार्सेलिनाबाई म्हणायच्या. "सर्दी होईल ना गं."

"तुझ्या टीव्हीला सांग वाळवायला," माई म्हणायच्या. पण पहिल्या ओळीतून त्या दुसऱ्या ओळीत गेल्या, आणि मग दाराशी बसायला लागल्या.

कडेलोट झाला तो हातभट्टीच्या बातमीने. उपनगरात पोलिसांनी धाडी घातल्या होत्या. धाडीची फिल्म जेमतेम चार सेकंदांची, त्यात एक हवालदार आणि एक मडकं. बातमी लांब. त्या दिवशी वसुधेची सुट्टी होती. कुणीतरी सवयीने कपाटात हात घातला, आणि 'गावठी दारूच्या गुत्त्यांवर उसळणारी गर्दी' या वाक्यावर पंचा गुंडाळलेल्या, हातात डबा घेतलेल्या, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या माई महाराष्ट्राला दिसल्या.

मार्सेलिनाबाईंच्या खोलीत कुणी हसलं नाही, हेच वाईट. दुसऱ्या दिवशी पुण्याहून माईंच्या धाकट्या भावाचा ट्रंककॉल आला. फोन समोरच्या डॉक्टरांकडे, त्यामुळे दवाखान्यातल्या सगळ्या रोग्यांसमोर बोलणं झालं. भावाने फक्त एवढंच विचारलं, "अक्का, कधीपासून?"

माई घरी आल्या आणि वसुधेच्या पानासमोर पाट ओढून बसल्या. "हे बघ वसू. तू नोकरीला निघालीस तेव्हा मी एका शब्दाने आडवी आले का?"

"नाही माई."

"उलट वन्संशी भांडले तुझ्यासाठी. आता ऐक. तिथे एक तर मी राहीन, नाहीतर तू. पुढच्या महिन्यात तुझं कंत्राट संपतं ना? तोवर ते चित्र निघालं पाहिजे. नाही निघालं तर नव्या कंत्राटावर सही करायची नाही."

वसुधेने नवऱ्याकडे बघितलं. नंदकिशोर टिपणीस विम्याच्या कचेरीत होते आणि कोणत्या गोष्टीत पडू नये हे त्यांना धंद्यामुळे चांगलं कळायचं. ते म्हणाले, "कढी छान झालीय."

वसुधेला ती नोकरी हवी होती. तिथे टेलिप्रिंटर खडखडायचा, कुणीतरी चहा ओरडायचं, पाच मिनिटांवर बातम्या आलेल्या असायच्या आणि शेवटचं वाक्य अजून कागदावर उतरलेलं नसायचं. त्या पाच मिनिटांत ती जितकी जिवंत असे तितकी दिवसभरात दुसरीकडे कुठे नसे. हे घरी सांगता येण्यासारखं नव्हतं. बाईमाणसाने दमून यावं हे लोकांना पटतं, आनंदात यावं हे पटत नाही.

सल्ल्याला तळमजल्यावरचे भाऊ होते. भाऊ कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्या आळीचं सरकारी काम स्वतःचं वाटायचं. ते म्हणाले, "अर्ज कर. पण कारण लिहू नकोस. कारण लिहिलं की ते खरं आहे का बघायला माणूस नेमतात."

तिने बिनकारणाचा अर्ज केला. तो फिल्मच्या ग्रंथालयात चंद्रप्रकाश यांच्या टेबलावर गेला. चंद्रप्रकाश सभ्य गृहस्थ, जन्म अलाहाबादचा, मराठी घाटकोपरात शिकलेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, ही फिल्म खराब झाली आहे का?"

"नाही."

"मग काढणार कशी? खराब झाली तर समिती बसते, समिती सांगते काढा. पण समितीला तीन माणसं लागतात. त्यातला एक दिल्लीला बदलून गेला."

"आणि समजा, चुकून खराब झाली तर?"

"मग तुमच्यावर समिती बसते. तिला माणसं लगेच मिळतात." वसुधेचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "एक रस्ता आहे. त्याच विषयाची नवीन, चांगली रांग आणा. नवीन आली की जुनी खालच्या खणात जाते. खालच्या खणासाठी वाकावं लागतं. आपल्याकडे कुणी वाकत नाही."

म्हणजे नवीन रांग हवी. त्यासाठी कोरी फिल्म हवी, आणि त्या वर्षी कोऱ्या फिल्मचीच टंचाई होती. फिल्मची टंचाई आहे अशी बातमी दाखवायची झाली असती तर तिथेही माईच उभ्या राहिल्या असत्या. वसुधा हेन्रीच्या मागे लागली. हेन्री चांगला माणूस, पण त्याच्या गळ्यात फिल्मच्या फुटाफुटाचा हिशोब अडकवलेला. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, बोरिवलीचं एखादं काम काढा. कामानंतर रिळाला जी शेपटी उरेल ती तुमची."

उपमंत्र्यांनी बोरिवलीत एका वाचनालयाचं उद्घाटन करावं म्हणून वसुधेने त्या महिन्यात जितकी खटपट केली तितकी त्या वाचनालयानेही केली नसेल. पुस्तकं यायची होती, पण पाटी आली होती. कंत्राट संपायच्या आठवड्यात उद्घाटन झालं. उपमंत्री थोडक्यात बोलले. हेन्रीने बोटं दाखवून खूण केली की शेपटी चांगली लांब आहे. वसुधा त्याला जवळजवळ ओढतच वझिऱ्याला घेऊन आली.

दुकानासमोर चिटपाखरू नव्हतं.

आदल्याच दिवशी रॉकेलची पिंपं आली होती. दुकानदार फळीवर बसून कान कोरत होता. त्याने वसुधेला ओळखलं आणि हाक मारली, "या वहिनी. पाहिजे तेवढं घ्या." सव्वा वर्षात हे शब्द त्या आळीत कुणी ऐकले नव्हते. वसुधेला रस्त्याच्या मधोमध उभं राहून रडावंसं वाटलं.

"आता काय?" हेन्रीने विचारलं.

"आता काय म्हणजे? माणसं आणू," भाऊ म्हणाले. उद्घाटनापासून ते मागेमागे येत होते. "रांग म्हणजे काय, माणसंच ना? माणसं तीच, दुकान तेच. रोजची रांग आज जरा बोलावून आणायची, एवढंच."

हे बरोबर नाही हे वसुधेला कळत होतं. बातमीसाठी रांग उभी करायची नसते, हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची. पण कंत्राट संपायला दोन दिवस होते आणि रांग रोज लागायची हेही खोटं नव्हतं. तिने मान हलवली की नुसती खाली घातली, हे भाऊंनी बघितलंच नाही. ते निघाले होते.

अर्ध्या तासात रांग आली. घरोघरी निरोप गेला होता तो 'टीव्हीवाले आलेत' असा. त्यामुळे बायका आल्या त्या पैठण्या आणि नारायणपेठी नेसून. मार्सेलिनाबाईंनी लग्नाकार्याचं लुगडं काढलं होतं आणि अंगावर होतं नव्हतं ते सोनं घातलं होतं. रॉकेलचा डबा एकीच्याही हातात नव्हता. भाऊंनी फारच आग्रह केला तेव्हा एकीने नवाकोरा स्टीलचा डबा आणला, तोही नाव कोरलेली बाजू पुढे धरून.

"मॅडम, ही टंचाई आहे की हळदीकुंकू?" हेन्री म्हणाला.

"जरा उदास चेहरा करा ना," वसुधा बायकांना विनवू लागली. त्या उदास व्हायला गेल्या की एकमेकींकडे बघून हसायच्या. फक्त वसुधेचाच चेहरा हवा तसा उतरला होता, पण तिला रांगेत उभं राहता येत नव्हतं.

माई मात्र रांगेत नव्हत्या. त्या समोर भाऊंच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, केसांचा घट्ट अंबाडा बांधून, इरकली नेसून. "त्या यंत्रासमोर मी जन्मात येणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं. आपल्या जागी दुसरी कोण जाते हे डोळ्यांनी बघायलाच त्या आल्या होत्या.

भाऊंनी रांग सरळ केली, हेन्रीने कॅमेरा खांद्यावर घेतला, आणि तेवढ्यात एक सायकलवाला थांबला.

"काय मिळतंय?"

"काही नाही," मार्सेलिनाबाई म्हणाल्या.

इतक्या बायका इतकं सोनं घालून उभ्या आहेत आणि म्हणतात काही नाही. सायकलवाल्याने सायकल भिंतीला टेकवली आणि रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे दोघे आले. त्यांच्या मागे शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या आया. "काय आलंय हो?" "सांगत नाहीयेत." "म्हणजे साखर असणार." "साखर नाही, रॉकेल. उद्यापासून बंद होणार म्हणे." हे 'उद्यापासून बंद' कुठून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते आलं, आणि घरोघरी पोचलं, आणि पाहता पाहता एकेका घरातून खरे, काळे, पोचे आलेले डबे घेऊन माणसं धावत आली. पैठण्या मागे ढकलल्या गेल्या. रांग देवळापर्यंत गेली, वळली, आणि मग रांग राहिलीच नाही.

दुकानदाराने कान कोरणं थांबवून समोर बघितलं. आदल्या दिवशीचं रॉकेल त्याच्याकडे होतं, पण ते आळीपुरतं, मोर्चापुरतं नव्हे. त्या बिचाऱ्याने घाबरलेल्या माणसाने करावं तेच केलं. शटर खाली ओढलं.

आणि इथे माई उठल्या.

माईंनी लढाईच्या वेळचं रेशन बघितलं होतं. माल आत असताना खाली आलेलं शटर बघून गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. यंत्र, पंचा, शपथ, सगळं त्या विसरल्या. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून, गर्दी हाताने बाजूला करत त्या थेट शटरपाशी गेल्या आणि दोन्ही तळहातांनी ते बडवायला लागल्या. "उघड रे मेल्या. काल पिंपं आली ती मी बघितलीत. उघड." अंबाडा सुटला. त्यांच्या मागे सगळी बोरिवली शटर बडवायला लागली.

हेन्री बातमीतला माणूस. पैठण्यांवर रोखलेला कॅमेरा त्याने केव्हा वळवला ते त्यालाही कळलं नाही. त्याने माईंना समोरून घेतलं, बाजूने घेतलं, त्यांचे हात जवळून घेतले, आणि मग कॅमेऱ्यातून टकटक आवाज आला. शेपटी संपली होती. रांगेचं चित्र एक फूटसुद्धा निघालं नव्हतं.

संध्याकाळी वृत्तविभागात फोन घणघणत होते. कांदिवलीत रांगा, दहिसरला रांगा, मालाडला दुकानं रिकामी. हेन्रीची फिल्म धुऊन आली. मार्तंडरावांनी ती बघितली आणि ते खुर्चीवरून उठलेच. "बाई, सव्वा वर्षात अशी फिल्म आली नाही. आजची पहिली बातमी. लिहा."

वसुधा कागदासमोर बसली आणि तिचा हात चालेना. मग ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. रांग आपण बोलावली. टंचाई नव्हती. शटर बडवणारी बाई आपली सासू. आणि ती पंचावालीही तीच.

मार्तंडरावांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. नोकरी गेली, वसुधेने मनाशी म्हटलं. आणि तिला आश्चर्य वाटलं, कारण त्यात थोडं हलकंही वाटत होतं.

"आत्ता या क्षणाला बोरिवलीत रॉकेल आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. शेवटी शटर उघडावं लागलं, आणि दुपारीच संपलं."

"मग बातमी खरी आहे. तुम्ही जरा लवकर पोचलात, इतकंच. पुन्हा असं केलंत तर मी स्वतः तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईन. आता लिहा. आणि कंत्राटाचा कागद आलाय, जाताना सही करून जा." ते वळले, पुन्हा थांबले. "दोन्ही एकच बाई? नक्की?"

"हो."

"अद्भुत."

चंद्रप्रकाश नवीन डबी घ्यायला आले तेव्हा वसुधेने शेवटचं विचारून बघितलं. नवीन आली, मग आता जुनी खालच्या खणात ना?

त्यांना खरंच वाईट वाटलं. "बाई, ही रांग नाही. ही 'जनक्षोभ'. त्याचं कपाट वेगळं. 'टंचाई' जिथे आहे तिथेच राहणार." आणि त्या दिवशीची बातमी फिल्मपेक्षा लांब असल्यामुळे, सुरुवातीला टंचाईच्या कपाटातली जुनी रांगही जोडण्यात आली. वसुधेनेच दोन्हींचे सेकंद मोजून दिले. माई आधी पंचा गुंडाळून वाट बघत उभ्या राहिल्या, आणि मग केस मोकळे सोडून चाल करून गेल्या. ज्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं त्यांनाही सगळी कथा समजली.

कंत्राटाचा कागद वसुधेने सही न करता पर्समध्ये घातला आणि ती घरी आली. आळीत कुणी भेटलं नाही. मार्सेलिनाबाईंच्या खोलीतला दिवासुद्धा बंद होता. घरात नंदकिशोर पेपर उलटा धरून वाचत होते. माईंनी तिचं पान वाढलं. भात गार होता, आमटी गार होती. स्टो कोपऱ्यात कोरडा पडला होता.

"माई," वसुधा म्हणाली, "मी सही केली नाही. उद्या जाऊन सांगते की मी येणार नाही."

माईंनी तिच्या भातावर तूप घातलं. गार भातावर ते गोळ्यासारखं बसून राहिलं.

"सांगते म्हणजे?" त्या म्हणाल्या. "आणि मग तिथे माझं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. आधी एक होती, आता दोन झाल्या. तू घरी बसलीस तर त्या काढणार कोण? तुझे साहेब? तो भला माणूस मला आणखी कुठे कुठे उभी करील देव जाणे. मी मेल्यावरही ते मला रांगेत ठेवतील." त्यांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "नोकरी सोडायची नाही. त्या दोघी खाली उतरेपर्यंत सोडायची नाही. पुढे म्हातारी झालीस तरी जायचं. समजलं? आण तो कागद, माझ्यासमोर सही कर."

नंदकिशोरांनी पेन दिलं. त्या घराण्यात इतक्या ठाम शब्दांत नोकरीची परवानगी कुठल्याच सुनेला मिळाली नव्हती. वसुधेने उष्ट्या हाताला कागद लागू न देता डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते थांबेना.

"पुरे आता," माई म्हणाल्या. "जेव आणि झोप. सकाळी अंधारात उठायचंय. घरात रॉकेलचा थेंब नाही. मी काही आता घराबाहेर पडत नाही, तेव्हा रांगेत तू उभी राहायचंस. आणि निघायच्या आधी वेणी घाल."